होडीच्या डेकाला रंग देण्यापूर्वीं

श्रावणांतल्या संततधारेनें वाड्याच्या चौकांतील फरशीवर शेवाळ धरतें, आणि घरांतील वडील मंडळी येणाऱ्या-जाणाऱ्यास "पाय जपून टाका हो" असें दारांतूनच बजावूं लागतात. न्हाणीघरांतील गुळगुळीत फरशी, देवळाच्या पायऱ्या, नदीवरचा घाट, या सर्व ठिकाणीं मनुष्य एक गोष्ट अनुभवानें शिकलेला असतो. ती ही कीं, डोळ्याला जें चकचकीत व सुंदर दिसतें तें पायाला विश्वासाचें असतेंच असें नाहीं. जमिनीवर हा धडा गिरवतांना बहुधा ढोपर फुटतें, फार तर हाड मोडतें. समुद्रावर हाच धडा फार महाग पडतो. भर रात्रीं, उसळत्या लाटांत, जाळें ओढतांना एखाद्या खलाशाचें पाऊल वीतभर सरकलें, तर त्याच्या पाठीमागें भिंत नसते. कठडा असला तर तो बहुधा गुडघ्याएवढा असतो, आणि त्याच्या पलीकडे नुसतें पाणी असतें.

म्हणूनच होडीचा डेक, म्हणजे ज्या सपाटीवर खलाशी उभा राहतो, चालतो व काम करतो तो वरचा पृष्ठभाग, मुद्दाम खरखरीत ठेवलेला असतो. हा खरखरीतपणा कायमचा नसतो. तो झिजतो, मळतो, रंगाखालीं बुजतो. आणि त्याला पुन्हां जागें करण्याचें काम दर कांहीं वर्षांनीं करावें लागतें. रंग देणें हें त्या कामाचें शेवटचें आणि सर्वांत सोपें अंग होय. खरी कसोटी असते ती त्यापूर्वींच्या तयारीची; आणि त्या तयारीचाच विचार येथें करावयाचा आहे.

जुन्या काळीं हा प्रश्न लांकडानेंच सोडविला होता. सागवानाच्या उघड्या फळीवर ऊन, पाऊस व खारें पाणी यांचा मारा होतो, तेव्हां तिच्यांतील मऊ भाग आधीं झिजतो आणि कठीण शिरा वर राहतात. त्या बारीक शिरांमुळें ओल्या सागवानावरही अनवाणी पाय चांगला ठरतो. अशा डेकाला रंग लागतच नसे. पाश्चात्त्य युद्धनौकांवर खलाशी सकाळीं गुडघे टेकून बसत आणि वाळू, समुद्राचें पाणी व मऊ वालुकाश्माचा ठोकळा घेऊन तो डेक घांसून काढीत. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्याच्या देखरेखीखालीं बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका १८१७ सालीं पाण्यांत उतरली. दोन शतकें उलटून गेलीं तरी ती इंग्लंडांतील हार्टलपूल येथें जतन करून ठेवलेली आहे. मुंबईच्या सागवानाची ती एक बोलकी साक्ष होय.

परंतु सागवान महाग झालें, आणि होड्या प्लायवुडच्या, पोलादाच्या व पुढें फायबरच्या होऊं लागल्या. प्लायवुड आणि पोलाद यांना रंगावांचून गत्यंतर नाहीं, आणि रंग तर गुळगुळीत असतो. म्हणून ओल्या रंगावर वाळू पेरण्याची युक्ति निघाली. फायबरची होडी, म्हणजे कांचेचे तंतू राळेंत भिजवून सांच्यांत घडविलेली होडी, हिची प्रगति मुख्यतः १९४० नंतरच्या काळांतील आहे. हिच्या डेकाचा खरखरीतपणा सांच्यांतच कोरलेला असतो. बारीक बारीक चौकोन, शंकरपाळ्यासारखे उंचवटे, किंवा चामड्यासारखी सुरकुती यांचा ठसा वरच्या राळेच्या थरावर, म्हणजे जेलकोटावर, उमटतो. तात्पर्य, आजच्या होड्यांवर खरखरीतपणाच्या दोन जाती आढळतात: एक वाळू पेरलेल्या रंगाची आणि दुसरी सांच्यांतून आलेल्या नक्षीची. दोहोंची तयारी निरनिराळ्या रीतीनें करावी लागते, आणि ही निवड चुकली म्हणजे पुढचे सारे श्रम वायां जातात.

खरखरीत पृष्ठभाग पायाला कां धरून ठेवतो, हें समजण्यास फार मोठें शास्त्र नको. गुळगुळीत पृष्ठभागावर पाणी पडलें म्हणजे तळवा आणि डेक यांच्यामध्यें पाण्याचा पातळ थर राहतो, आणि पाऊल त्या थरावर तरंगत सरकतें. पृष्ठभागावर बारीक टोकें असलीं तर तीं त्या थराला भेदून तळव्यापर्यंत पोंचतात, आणि मधलें पाणी भोंवतालच्या खांचांत निघून जातें. म्हणजे टोकांइतकेंच महत्त्व खांचांना आहे. घरांतला पाटा ज्यांनीं वापरला आहे त्यांना हें सांगावयास नको. पाट्याच्या खांचा झिजल्या, वाटणाच्या गाळानें भरल्या, म्हणजे वरवंटा कितीही जोरानें फिरविला तरी मसाला नुसता इकडून तिकडे सरकतो. मग टांकी लावणाऱ्याला हांक मारावी लागते. पाटा घांसून चकचकीत करावा असें कोणाही गृहिणीच्या मनांत येत नाहीं. होडीच्या बाबतींत मात्र हीच चूक सर्रास होते.

ती कशी होते पाहा. रंगाचा एक हात वाळल्यावर सुमारें ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग, जाडीचा उरतो. हें कांहींच नाहीं असें वाटेल. परंतु ओला रंग उंचवट्यावरून ओघळून खांचेंत उतरतो. उंचवट्यावर तो पातळ बसतो व खांचेंत जाड. तीन हंगाम दरसाल दोन दोन हात दिले, तर मुळांतच मिलिमीटरच्या अंशाएवढी खोल असलेली नक्षी जवळ जवळ बुजते. होडी दरवर्षीं अधिक देखणी दिसते आणि दरवर्षीं अधिक निसरडी होते.

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात, त्यांवर आच्छादन घालतात, आणि डागडुजीची वेळ हीच ठरते. पुढें नारळी पौर्णिमा येते. त्या दिवशीं होडी सजलेली असावी ही प्रत्येक नाखव्याची हौस असते, आणि ती रास्तही आहे. मात्र या हौसेपोटीं जो संवाद घडतो, तो कोंकणांतील कोणत्याही बंदरांत ऐकूं यावा असाच आहे. नाखवा म्हणतो, "पौर्णिमा तोंडावर आली. वरच्यावर एक हात मारून टाकूं, होडी झकास दिसेल." आणि म्हातारा तांडेल हातांतली विडी विझवून म्हणतो, "नाखवा, रंग तुमच्या होडीला लागतो, पण वर पाय आमचे असतात."

या एका वाक्यांत सारा विषय आला. आतां तांडेलाच्या मताप्रमाणें काम करावयाचें तर कोणत्या क्रमानें करावें, तें पाहूं जातां पहिली पायरी परीक्षेची येते.

बाजारांत मडकें घेतांना तें बोटानें वाजवून घेण्याची रीत आहे. डेकही तसाच वाजवून पाहावा. लहान हातोडीच्या लांकडी मुठीनें हातहात अंतरावर हलकेच ठोकीत जावें. निरोगी भागांतून टणत्कार निघतो. जेथें आंतील लांकूड कुजलें असेल किंवा थर सुटले असतील तेथें बद्द आवाज येतो. अशा जागीं खडूनें खूण करावी. पायाखालीं डेक लवतो कीं काय, हेंही चालून पाहावें. कुजलेल्या डेकाला रंग देणें म्हणजे किडलेल्या दातावर सोन्याचा पत्रा बसविण्यासारखें आहे. तेथें आधीं सुताराचें काम, मग रंगाऱ्याचें. त्यानंतर डेकावरील कड्या, झांकणें, दोर गुंडाळण्याचे खुंट वगैरे जें जें निघण्यासारखें असेल तें काढून ठेवावें. रंग बहुधा अशा वस्तूंच्या कडेपासूनच सुटूं लागतो. आणि पाणी आंत शिरून लांकूड कुजतें तें याच स्क्रूंच्या भोकांतून.

दुसरी पायरी धुण्याची. समुद्राच्या होडीवर मीठ सर्वत्र असतें, आणि मीठ हवेंतील ओल ओढून घेतें. रंगाखालीं मिठाचा कण राहिला तर तो रंगाच्या थरांतूनही पाणी शोषून घेतो आणि कांहीं महिन्यांनीं तेथें फोड उठतो. म्हणून गोडें पाणी भरपूर वापरावें. मासळीचें तेल, डिझेलचे डाग व हातापायांचा मळ यांवर साबणाचें पाणी टाकून ताठ केसांच्या ब्रशानें दोन्ही दिशांनीं घांसावें. कारण एकाच दिशेनें घांसलें तर खांचेची एक बाजू साफ होते व दुसरी तशीच राहते. शेवाळ किंवा काळी बुरशी असेल तर सौम्य केलेलें ब्लीचचें पाणी लावून, थोड्या वेळानें तें संपूर्ण धुऊन टाकावें. हें ब्लीच आम्लाशीं किंवा अमोनियाशीं कधींही मिसळूं नये. त्यांतून विषारी वायु निघतो. न्हाणीघर धुणाऱ्यांनींही हा इशारा ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

तिसरी पायरी मेण काढण्याची. आणि येथें घाई करणारे बहुतेक लोक फसतात. फायबरची होडी सांच्यांतून सहज सुटावी म्हणून सांच्याला मेण लावलेलें असतें, आणि त्याचा अंश होडीवर येतो. पुढें मालकही चकाकीसाठीं पॉलिश लावतो. या मेणावर रंग धरत नाहीं. पुष्कळांना वाटतें कीं, कांचकागदानें घांसलें म्हणजे मेण आपोआप निघून जाईल. प्रत्यक्षांत उलटें घडतें. घांसतांना तें मेण कांचकागदानें पाडलेल्या नव्या चरांत दाबलें जातें आणि मग तें निघणें दुरापास्त होतें. म्हणून नियम असा कीं, आधीं मेण काढावें आणि मगच घांसावें.

मेण काढण्यासाठीं दोन फडकीं लागतात. एक फडकें योग्य द्रावकांत भिजवून हातभर जागा पुसावी, आणि द्रावक वाळण्यापूर्वींच दुसऱ्या कोरड्या व स्वच्छ फडक्यानें तें टिपून घ्यावें. द्रावक तसेंच वाळूं दिलें तर विरघळलेलें मेण पुन्हां जागच्या जागीं बसतें. काम झाल्याचा भास तेवढा होतो. फडकीं वरचेवर पालटावीं. खरखरीत नक्षींत फडकें खोल पोंचत नाहीं, म्हणून तेथें आधीं ब्रशानें द्रावक खेळवून मग टिपावें. मेण गेलें कीं नाहीं, हें ओळखण्याची परीक्षा अगदीं सोपी आहे. डेकावर स्वच्छ पाणी शिंपडावें. पाणी अखंड पसरून राहिलें तर पृष्ठभाग स्वच्छ झाला. अळवाच्या पानावरच्याप्रमाणें त्याचे मोती झाले तर मेण अद्याप शिल्लक आहे असें समजावें.

चौथी पायरी घांसण्याची. नवा रंग जुन्या पृष्ठभागाला दोन तऱ्हांनीं धरतो. एक तर रासायनिक बंध जुळतो, किंवा पृष्ठभागावरील बारीक ओरखड्यांत रंग शिरून तेथें रुतून बसतो. जुन्या, वाळलेल्या पृष्ठभागावर बहुतेक भिस्त या दुसऱ्याच तऱ्हेवर असते. म्हणून चकाकी मोडणें हा घांसण्याचा हेतु. आणि चकाकी केवळ उंचवट्यांवरची मोडून भागत नाहीं, ती खांचेंतलीही मोडली पाहिजे. येथेंच सपाट भाग आणि खरखरीत भाग यांचे मार्ग वेगळे होतात. डेकाच्या सपाट पट्ट्यांवर १२० नंबरचा कांचकागद लांकडी ठोकळ्यावर गुंडाळून घांसावा. तोच ठोकळा, किंवा विजेवर चालणारें घांसण्याचें यंत्र, नक्षीवर चालविलें तर टोकें तेवढीं कापलीं जातात आणि खांचांना स्पर्शही होत नाहीं. म्हणजे जी वस्तु राखावयाची ती नाहींशी झाली, आणि जेथें रंग धरावयास हवा तेथें चकाकी तशीच राहिली. याहून विपरीत फळ तें कोणतें?

म्हणून नक्षीवर लवचीक साधन घ्यावें. भांडीं घांसण्याच्या हिरव्या नायलॉन चोथ्याच्या जातीचे, परंतु अधिक कडक असे चोथे या कामासाठीं मिळतात. ते बोटांच्या दाबानें खांचेंत उतरतात. त्यांच्या जोडीला नायलॉनच्या किंवा पितळी तारांचा ब्रश घ्यावा. पोलादी तारांचा ब्रश किंवा पोलादी काथ्या मात्र डेकावर आणूं नये. त्याचे सूक्ष्म तुकडे खांचेंत अडकून राहतात, पुढें गंजतात, आणि नव्या पांढऱ्या रंगावर तांबूस ठिपके उमटतात. घांसून झाल्यावर डेक उन्हाकडे तिरपा पाहावा. सर्वत्र सारखा मंदपणा दिसला तर काम झालें. कोठें बारीक चमक उरली असेल तर तेथें पुन्हां हात फिरवावा. हें काम कंटाळवाणें खरें, पण ज्या ठिकाणीं कंटाळा केला नेमक्या त्याच ठिकाणीं रंगाचा पापुद्रा पुढें सुटतो.

वाळू पेरलेल्या रंगाची गोष्ट निराळी. तो रंग घट्ट असेल आणि वाळूचे कण अद्याप टोंकदार असतील, तर धुणें, मेण-तेल काढणें आणि ब्रशानें घांसणें एवढ्यानें भागतें. परंतु तो जागोजाग सुटला असेल, किंवा अनेक हातांखालीं वाळू बुडाली असेल, तर त्यावर आणखी रंग चढविण्यांत अर्थ नाहीं. असा थर मुळासकट काढावा लागतो. कांचकागदानें तो काढूं म्हटलें तर वाळूच कांचकागदाला झिजविते. रुपये जातात आणि थर जागच्या जागीं राहतो. बोथट केलेल्या पटाशीनें तो खरवडून उचलावा आणि उरलासुरला भाग मग घांसावा. रंग काढण्याचें तीव्र रसायन वापरावयाचें झाल्यास तें फायबरसाठींच बनविलेलें आहे कीं नाहीं, हें पाहून घ्यावें. नेहमींचें तीव्र रसायन रंगाबरोबर जेलकोटासही मऊ करतें.

जुना रंग राखावयाचा असेल तर तो कोणत्या जातीचा, हेंही जाणून घेणें अगत्याचें आहे. आजचे सर्वांत टिकाऊ रंग दोन डब्यांचे असतात. दोन्ही द्रव्यें मिसळलीं म्हणजे त्यांची रासायनिक क्रिया सुरू होऊन थर कठीण होतो. त्यांतील तीव्र द्रावक खालच्या साध्या एकेरी रंगाला उकलून टाकतें, आणि सुरकुत्या पडून सारा डेक बिघडतो. याची परीक्षा अशी: वर लावावयाच्या रंगाच्या थिनरमध्यें भिजविलेलें फडकें जुन्या रंगावर कांहीं मिनिटें ठेवावें. रंग मऊ झाला, सुरकुतला किंवा फडक्याला लागला, तर त्यावर दुहेरी रंग देऊं नये; तो काढावा, नाहींतर एकेरी रंगावरच समाधान मानावें.

या सर्व घांसकामांत धूळ उडते, आणि ती निरुपद्रवी नसते. जुन्या सागरी रंगांत शिशाचीं संयुगें सर्रास वापरीत असत. त्यांची धूळ पोटांत किंवा फुप्फुसांत गेली तर, विशेषतः लहान मुलांच्या, मेंदूला इजा करते. भारतांत घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशावर २०१६ सालच्या नियमांनीं दशलक्षांत ९० भाग अशी मर्यादा घातली, आणि ती १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलांत आली. परंतु त्यापूर्वींच्या थरांतील शिसें त्या नियमानें नाहींसें होत नाहीं. म्हणून जुना रंग शक्य तों पाण्यानें ओला करून घांसावा, तोंडाला योग्य गाळणीचा मुखवटा लावावा, खरवड गोळा करून बाजूस काढावी, आणि पोरांना त्या जागेपासून दूर ठेवावें. तोंडाला बांधलेला साधा रुमाल हा सूक्ष्म धुळीला व द्रावकांच्या वाफेला अटकाव करीत नाहीं. दुहेरी पॉलियुरेथेन रंगांतील आयसोसायनेट द्रव्यें तर दम्यासारखा कायमचा विकार जडवूं शकतात. त्या वेळीं हवा खेळती असणें व योग्य मुखवटा असणें ही चैन नव्हे, गरज आहे.

घांसून झाल्यावर डेकाचे दोष उघडे पडतात. बारीक चिरा नुसत्या रंगानें बुजत नाहींत. चीर थोडी रुंद करून तींत एपॉक्सीची लांबी भरावी लागते. एपॉक्सी कठीण होतांना तिच्यावर कधीं कधीं मेणचट साय धरते. ती आधीं पाण्यानें व चोथ्यानें धुवावी आणि मगच घांसावी. येथेंही मेणाचाच नियम लागू पडतो. मात्र अशी डागडुजी केलेली जागा गुळगुळीत राहते, आणि खरखरीत डेकावरचा हाताएवढा गुळगुळीत तुकडा हा संबंध गुळगुळीत डेकापेक्षांही घातक. कारण पायाला त्याची अपेक्षाच नसते. यावर कारागिरांची एक सुरेख युक्ति आहे. शेजारच्या चांगल्या नक्षीचा ठसा रबरासारख्या लवचीक द्रव्यांत घ्यावयाचा, आणि तो ठसा ओल्या राळेवर दाबून नक्षी तेथें उमटवावयाची. ज्या घरांत करंजीचे व मोदकाचे सांचे आहेत, त्या घराला ही युक्ति परकी वाटूं नये.

पांचवी पायरी सीमा आंखण्याची. कड्या, झांकणें आणि डेकाच्या कडा यांभोंवतीं सुमारें एक इंच रुंदीची गुळगुळीत पट्टी सोडण्याचा प्रघात आहे. तो केवळ शोभेसाठीं नाहीं. त्या पट्टीवरून पाणी वाहून जातें, कडेला मळ सांचत नाहीं, आणि फडकें नीट फिरतें. चिकटपट्टी लावतांना कोपरे वाटोळे ठेवावे. टोंकदार कोपऱ्यावरचा रंग पायाच्या ठोकरीनें आधीं सुटतो. पट्टीची कड नखानें दाबून बसवावी आणि रंग पूर्ण कठीण होण्यापूर्वींच ती काढावी, नाहींतर कडेचा रंगही तिच्याबरोबर उचलून येतो.

शेवटची पायरी वाट पाहण्याची. आणि कोंकणच्या पावसाळ्यांत ही सर्वांत अवघड. खांचांतील धूळ आधीं शोषयंत्रानें ओढून घ्यावी, मग द्रावकाच्या फडक्यानें टिपावी. त्यानंतर हवेकडे लक्ष द्यावें. रंगाऱ्यांचा सर्वमान्य नियम असा कीं, पृष्ठभागाचें उष्णमान हें दंव पडण्याच्या उष्णमानापेक्षां निदान ३ अंशांनीं अधिक असावें, आणि हवेंतील आर्द्रता शेंकडा ८५ च्या आंत असावी. हवा ३० अंशांवर असतां आर्द्रता शेंकडा ८० असेल, तर दंव सुमारें २६ अंशांवर पडतें. म्हणजे डेक निदान २९ अंशांवर तरी हवा. पहांटे गार पडलेल्या डेकावर डोळ्यांना न दिसणारी ओल असते, आणि भर दुपारीं तापलेल्या डेकावर रंग पसरण्यापूर्वींच सुकतो. म्हणून धुणें व घांसणें हीं कामें आच्छादनाखालीं भर पावसांत उरकून घ्यावीं. रंगासाठीं मात्र उघडीप येईपर्यंत, आणि उघडीप आल्यावरही सकाळचें दंव वाळेपर्यंत, थांबावें.

इतकी तयारी झाल्यावर रंगकाम फारसें कठीण राहत नाहीं. उघड्या पडलेल्या जागीं अस्तराचा हात द्यावा. सांच्याची नक्षी शाबूत असेल तर रंग पातळ व बेताचा लावावा, म्हणजे खांचा भरत नाहींत. नक्षी झिजली असेल तर ओल्या रंगावर कोरडी, चाळलेली वाळू किंवा त्यासाठीं मिळणारे प्लास्टिकचे बारीक कण चाळणीनें सारखे पेरावे, वाळल्यावर सुटे कण झाडून काढावे, आणि वरून एक हात देऊन बाकीचे पक्के करावे. समुद्रकाठची वाळू उचलून वापरूं नये. तिच्याबरोबर मीठ येतें, आणि ज्या मिठाला इतक्या श्रमानें हांकलून लाविलें तेंच पुन्हां घरांत घेतल्यासारखें होतें. कणही फार जाड नसावे. खलाशी अनवाणी असतो, गुडघे टेकून काम करतो, त्याचीं जाळीं डेकावरून ओढलीं जातात. कानसीसारखा डेक पाय व जाळीं दोन्ही सोलून काढतो. रंगाची छटाही विचारानें निवडावी. शुभ्र पांढरा डोळे दिपवितो, गडद रंग उन्हांत तळवे भाजतो. फिकट राखी किंवा मातकट छटा दोन्ही दोष टाळते.

काम संपल्यावर नाखव्यानें आणि तांडेलानें मिळून एक परीक्षा घ्यावी. होडी किनाऱ्यावरच असतां, रंग पूर्ण कठीण झाल्यावर, डेकावर बादलीभर पाणी ओतावें आणि अनवाणी चालून पाहावें; चालतां चालतां मध्येंच वळावें, वांकावें, दोर ओढावा. जेथें पाय सरकेल तेथें खडूची खूण करून ती जागा पुन्हां घांसावी. पौर्णिमा त्यामुळें एक दिवस पुढें गेल्यासारखी वाटेल, पण किनाऱ्यावर घेतलेल्या परीक्षेंत नापास होण्यांत नुकसान एका दिवसाचें असतें.

शहरांतील घरांना होडी नसते. तरी गच्चीचा जिना, न्हाणीघर आणि पाण्याच्या टांकीजवळची ओली फरशी असतेच, आणि तेथें वृद्धांचीं पावलें रोज पडत असतात. रंग आणि झिलई निवडतांना डोळ्याबरोबर पायालाही विचारावें, एवढी गोष्ट त्या घरांनीं तांडेलाकडून घेण्यासारखी आहे. नारळी पौर्णिमेच्या दिवशीं किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला होडीच्या पताका दिसतात, नाळेवरचा ताजा रंग दिसतो. डेक कोणालाच दिसत नाहीं. तो ओळखीचा होतो पुढें आठ-पंधरा दिवसांनीं, वाऱ्यानें तोंड फिरविलेल्या एखाद्या अंधाऱ्या रात्रीं, जेव्हां होडी एका कुशीवर कलते आणि जाळें ओढणाऱ्या तरुण खलाशाचें पाऊल ओल्या डेकावर, जेथें ठेवलें तेथेंच, राहतें.